नॅचरल आहे, पण...

ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये हल्ली बिस्किटांशेजारी कर्क्युमिनच्या कॅप्सूल्स दिसतात. ‘नॅचरल आहे गं, काही होत नाही!’ हा सल्ला वर फुकट. आईच्या गुडघ्यांसाठी मीही मागवणार होते. म्हटलं, आधी जरा वाचूया.

हळदीत कर्क्युमिन जेमतेम ३ टक्के. प्रयोगशाळेत ते फ्री रॅडिकल्सना आवरतं, सूज वाढवणारे पेशींमधले सिग्नल्स मंदावतं. पण पोटातून रक्तात फारच थोडं पोचतं. १९९८ मध्ये बंगळुरूच्या संशोधकांनी २ ग्रॅम कर्क्युमिनला २० मिलिग्रॅम पिपरीनची जोड दिली, तर शोषण सुमारे २० पट वाढलं. पिपरीन म्हणजे आपल्या मिरीतला तिखटपणा!

गुडघेदुखीत काही छोट्या चाचण्यांत आराम दिसलाय, हे खरं. पण शोषण वाढवलेल्या अशा कॅप्सूल्सनी काहींच्या यकृताला इजाही झालीय. शिवाय आई रक्त पातळ करणारी गोळी घेते. त्यात ही भर पडली तर रक्तस्रावाचा धोका. ऑर्डर रद्द!

जी गोष्ट शरीरावर खरंच परिणाम करते, ती औषधच. तेव्हा आमटीत हळद बिनधास्त घाला, कॅप्सूल मात्र डॉक्टरांना विचारूनच.