एकटीचा तंबू

मैत्रिणींनो, आधी एक कबुली देते. घरात एकटीनं रात्र काढायची मला भीती वाटायची. वय ५४, दोन्ही मुलं शिकून बाहेर पडलेली, चारचौघींत बोलायला कधी न डगमगणारी मी. पण दिवेलागण झाली आणि घरात दुसरं माणूस नसलं, की पोटात गोळा यायचा. तुमच्यापैकी कितीतरी जणींना हे कळेल. आपण माहेरी भावंडांच्या गर्दीत वाढतो, तिथून उठून सासरच्या गर्दीत येतो. एकटं राहायची वेळच येत नाही, आणि येते तेव्हा पन्नाशी उलटलेली असते.

माझ्या भीतीला मात्र एक तारीख आहे. ऑगस्ट २०१९.

आमचं घर शाहूपुरीच्या सखल भागात. त्या आठवड्यात आमचे हे मुलीच्या प्रवेशासाठी पुण्याला गेले होते. मुलगा आधीच तिकडं नोकरीला. पाऊस लागून राहिला होता आणि पंचगंगेनं ४३ फुटांची धोक्याची पातळी ओलांडली होती. गल्लीतली माणसं बोचकी बांधून निघाली. शेजारची सून दारात येऊन म्हणाली, "काकी, चला की आमच्यासंगं. हट्ट करू नका." पण माझ्या डोक्यात २००५ चा पूर. तेव्हा पाणी आमच्या तिसऱ्या पायरीवर थांबलं होतं. मी म्हटलं, "एवढं कुठलं येतंय? आणि घर टाकून कशी येऊ?"

त्या रात्री पाणी आठव्या पायरीवर आलं. वीज गेली. दुसऱ्या दिवशी दुपारी मोबाइल बंद पडला. पुणे-बंगळूर महामार्ग शिरोलीजवळ पाण्याखाली गेला, त्यामुळे ह्यांना परतताच येईना. तीन रात्री मी माडीवर एकटी होते. पहिल्या रात्री टॉर्च घेऊन जिन्यात बसले आणि पायऱ्या मोजत राहिले. दुसऱ्या दिवशी स्वतःशी मोठ्यानं बोलू लागले. तिसऱ्या दिवशी खालून कुणीतरी माझ्या नावानं हाक मारतंय असं दोन-तीनदा वाटलं. वाकून पाहिलं, तर कुणी नव्हतं. चौथ्या दिवशी सकाळी तालमीची पोरं होडी घेऊन आली, आणि त्यातल्या एकाचा हात धरून मी इतकी रडले की तो पोरगाच गांगरला.

पूर ओसरला, घर धुऊन निघालं. भीती मात्र राहिली. २०२० मध्ये ह्यांना बँकेत बढती आली, पण बदली कोकणात. मी दोन दिवस नीट जेवले नाही. शेवटी ह्यांनी बढती नाकारली. त्यावर मला कधी एक शब्द बोलले नाहीत. पण बरोबरीची माणसं पुढं गेली, त्यांच्या बढतीचे पेढे घरी आले, तेव्हा तो पेढा माझ्या घशाखाली उतरायचा नाही.

२०२४ च्या उन्हाळ्यात धुवायचा शर्ट उचलला आणि खिशात घडी घातलेला कागद सापडला. पुन्हा बढती, पुन्हा बदली, कणकवलीला. निवृत्तीआधीची ही शेवटची संधी. ह्यांनी मला सांगितलंच नव्हतं. विचारून काय उपयोग, असंच त्यांना वाटलं असणार. मैत्रिणींनो, रागानं बोलले असते तर बरं झालं असतं. त्या न बोलण्यानं मला जास्त लागलं.

त्याच दिवसांत करवीर नगर वाचन मंदिरात गेले असता एका मासिकात बर्फावर एकट्यानं चालणाऱ्या बायकांची माहिती वाचली. आधी नुसती चाळली. मग बसून वाचली, आणि पुढं महिनाभर मिळेल ते वाचत गेले.

दक्षिण ध्रुवाचं नाव मला नवं नव्हतं. मी १३ वर्षांची असताना, १९८३ साली, आमच्या बाईंनी वर्गात सांगितलं होतं की नागपूरला जन्मलेल्या, पुणे विद्यापीठात शिकलेल्या अदिती पंत अंटार्क्टिकाला निघाल्या आहेत. समुद्रविज्ञान हा त्यांचा विषय. त्यांच्याबरोबर भूशास्त्रज्ञ सुदीप्ता सेनगुप्ता होत्या. भारतीय मोहिमेतून तिथं गेलेल्या या पहिल्या दोन स्त्रिया. त्याच मोहिमेत 'दक्षिण गंगोत्री' हे आपलं तिथलं पहिलं केंद्र उभं राहिलं. पण तो मोठा चमू होता. मी आता वाचत होते ते वेगळं होतं. साधा तंबू, एक घसरगाडी, आणि एकच बाई.

नॉर्वेची लिव्ह आर्नेसन पेशानं शिक्षिका. २४ डिसेंबर १९९४ रोजी, वयाच्या ४१ व्या वर्षी, ती दक्षिण ध्रुवावर पोहोचली. सुमारे १,२०० किलोमीटर, ५० दिवस, स्कीवरून, एकटी. असं एकटीनं तिथं पोहोचलेली ती पहिली स्त्री. पुढं तिनं पुस्तक लिहिलं, त्याच्या नावाचा अर्थ असा, की चांगल्या मुली दक्षिण ध्रुवावर जात नसतात! वाचून मला हसू आलं. म्हणजे हे वाक्य नॉर्वेतही घरोघरी ऐकवतात म्हणायचं.

ब्रिटनची फेलिसिटी ॲस्टन तर अख्खा खंड ओलांडून गेली. नोव्हेंबर २०११ मध्ये विमानानं तिला बर्फावर सोडलं आणि विमान निघून गेलं. जानेवारी २०१२ मध्ये, ५९ दिवसांनी, ती पलीकडच्या किनाऱ्याला लागली. १,७४४ किलोमीटर. आपल्या हिशेबात सांगायचं, तर रोज सकाळी कोल्हापूरहून पन्हाळ्याला चालत जायचं, आणि वर आणखी दहा किलोमीटर. तेही सामानाच्या दोन गाड्या कमरेला बांधून. आणि हे दोन महिने.

शरीराचे हाल काय होतात, ते ऐका. उन्हाळ्यातसुद्धा आत पारा शून्याखाली वीस-तीस अंश असतो, वर वारा. ध्रुवाजवळ जमीन समुद्रसपाटीपासून २,८०० मीटर उंच, त्यामुळे दम लागतो. वाऱ्यानं बर्फाच्या टणक लाटा झालेल्या असतात, त्यांवरून गाडी ओढताना ती दर पावलाला अडकते. मला नवल वाटलं ते घामाचं. एवढ्या थंडीत सर्वांत सांभाळायचं काय, तर घाम येऊ द्यायचा नाही! कारण थांबलं की तो अंगावरच गोठतो. म्हणून घाई करायची नाही, गरम व्हायच्या आधीच एक कपडा उतरवायचा, थांबल्याबरोबर चढवायचा. रोज पाच-सहा हजार कॅलरींचं खाणं लागतं, लोणी, चॉकलेट, सुकामेवा. तरीही वजन उतरतंच. चहूकडं बर्फ, पण प्यायला थेंब नाही. स्टोव्ह पेटवून बर्फ वितळवायचा तेव्हा पाणी. स्टोव्ह गेला की सगळंच गेलं. उंचावरच्या थंडीत ॲस्टनबाईंचे लायटर चालेनासे झाले, तेव्हा ती काड्यापेटीतल्या काड्या पुन्हा पुन्हा मोजायची. हे वाचताना मला माझ्या पायऱ्या आठवल्या.

मनाचं त्याहून कठीण. तिथं उन्हाळ्यात सूर्य मावळत नाही. रात्र नाही, झाड नाही, पाखरू नाही. ढग उतरले की आभाळ आणि जमीन एक होऊन जातात. मग छातीशी बांधलेल्या होकायंत्राकडं बघत तासन्‌तास चालायचं. आवाज फक्त आपल्या श्वासाचा. ॲस्टनबाई सूर्याशी बोलायला लागली होती. रडायचीसुद्धा. हे सगळं तिनं मोकळेपणानं सांगितलंय, आणि तिथंच मला हायसं वाटलं. पुरात स्वतःशी बोलले म्हणून माझं डोकं फिरलं होतं, असा समज मी पाच वर्षं उराशी धरला होता. कुणाला सांगितलंही नव्हतं. तयारीनं गेलेल्या बाईचंही तेच होतं, हे कळल्यावर छातीवरचं ओझं निम्मं उतरलं.

या सगळ्यात तिला अवघड काय वाटायचं? रोज सकाळी तंबूतून बाहेर पडणं. आज जमणार नाही, असं मन रोज सांगायचं. तिनं एवढंच ठरवलं, की पुढच्या हजार मैलांचा विचार करायचा नाही, आज फक्त तंबूबाहेर यायचं. बाहेर आली की दिवस निघायचा.

आपल्याच रक्ताची एक मुलगीही या वाटेनं गेली. प्रीत चंडी, पंजाबी कुटुंबातली, इंग्लंडमध्ये वाढलेली, ब्रिटिश सैन्यात फिजिओथेरपिस्ट. जानेवारी २०२२ मध्ये सुमारे ९० किलोची गाडी ओढत, म्हणजे जवळजवळ एक ज्वारीचं पोतं ओढत, ती ४० दिवसांत एकटी दक्षिण ध्रुवावर पोहोचली. त्याच वर्षाअखेर ती पूर्ण खंड ओलांडायला पुन्हा गेली. ७० दिवस चालली, १,४८५ किलोमीटर. पण दिवस संपत आले आणि पलीकडचा टोक गाठणं होईना, तेव्हा तिनं थांबायचं ठरवलं. कमी पडले, असं जगासमोर सांगणं सोपं नसतं.

आणि थांबायला उशीर झाला तर? हेन्री वर्स्ली नावाचे एक निवृत्त ब्रिटिश सैन्याधिकारी असेच एकटे निघाले होते. ७१ दिवस चालले. टोक जेमतेम ४८ किलोमीटर राहिलं असताना त्यांनी मदत मागितली. विमान आलं, त्यांना चिलीच्या रुग्णालयात नेलं, पण पोटात जंतुसंसर्ग पसरला होता. जानेवारी २०१६ मध्ये ते गेले. त्यांच्या धैर्याबद्दल कोण शंका घेईल? पण मला ते वाचून रात्रभर झोप आली नाही. दारात उभी राहून "चला की काकी" म्हणणारी शेजारची सून डोळ्यांपुढं येत होती. पाच वर्षं मी समजत होते, की माझी चूक म्हणजे एकटं राहणं. तसं नव्हतं. मी वेळेवर निघाले नाही, ही माझी चूक होती.

दुसऱ्या दिवशी चहा देताना मी ह्यांना म्हटलं, "कणकवलीला कधी हजर व्हायचंय?" ह्यांनी कप खाली ठेवला. "तुला कुणी सांगितलं?" "तुमच्या शर्टानं." बराच वेळ कुणी बोललं नाही. मग म्हणाले, "तुला जमेल?" मी खरं तेच सांगितलं, "माहीत नाही. पण जमत नसलं तर वेळेवर सांगेन."

जूनमध्ये हे गेले. सुट्टीला येतात. पहिल्या आठवड्यात झोप लागली नाही, हे लपवत नाही. पण मी बर्फावरच्या बायकांचे नियम घरात आणले. ध्रुवावरची माणसं रोज ठरल्या वेळी उपग्रह फोनवरून ठावठिकाणा कळवतात. कळवलं नाही तर शोध सुरू होतो. आमचा फोन रात्री नऊला. सव्वानऊपर्यंत मी उचलला नाही, तर हे शेजारी फोन करणार. टॉर्च, काड्यापेटी, औषधं, कागदपत्रं एका पिशवीत, दाराजवळ. एकटीसाठी काय करायचं म्हणून खिचडीवर भागवायचं नाही. भाकरी, भाजी, ताक, व्यवस्थित पान वाढून जेवायचं. आणि सकाळी सहाला अंथरूण सोडायचं, मन काय म्हणतं ते न ऐकता. केस विंचरून, चहा टाकून अंगणात सडा घातला, की माझा तंबू मागं पडलेला असतो.

परीक्षा लवकरच झाली. जुलै २०२४ च्या अखेरीस पंचगंगेनं पुन्हा धोक्याची पातळी ओलांडली. पाणी अजून आमच्या गल्लीपासून लांब होतं. पण मी पायऱ्या मोजायला बसले नाही. सामान माडीवर चढवलं, गॅस बंद केला, मेन स्विच पाडला, पिशवी उचलली आणि राजारामपुरीत बहिणीकडं जायला निघाले. जाताना शेजारच्या सुनेच्या दारात थांबले. म्हटलं, "चल की माझ्यासंगं. हट्ट करू नको." ती हसली, आणि पोराला घेऊन निघाली.

चार-पाच दिवसांनी घरी परतले. या वेळी पाणी आमच्या दारापर्यंत आलंच नव्हतं. बहीण म्हणाली, "उगीच आलीस की गं." मी म्हटलं, "असू दे."

त्या रात्री घरी एकटीच होते. बाहेर पाऊस पडत होता. नऊला फोन झाला. मग दिवा मालवला आणि झोपले. सकाळी जाग आली तेव्हा सहा वाजून गेले होते.