आखाडा : एका तळटीपेची गोष्ट

'आखाडा' म्हटले की प्रमाण मराठीच्या वाचकापुढे कुस्तीची लाल माती येते, नाहीतर कुंभमेळ्यातील साधूंचे पंथ. हिंगोलीकडे मात्र शेतात जिथे जनावरे बांधतात, औतफाटे व कडबा ठेवतात आणि सुगीत माणसे मुक्कामाला असतात, ती जागा म्हणजे आखाडा. शिकण्यासाठी पुण्यास आल्यावर 'वडील आखाड्यावर असतात' असे मी वसतिगृहात सांगितले. ते पहिलवान असावेत असा मित्रांचा समज झाला, आणि तो मी बरेच दिवस तसाच राहू दिला.

पुढे ग्रामीण कादंबरीवर प्रबंध लिहिताना हा शब्द पुन्हा आडवा आला. अर्थ द्यावा, अशी मार्गदर्शकांची रास्त सूचना होती. मी तळटीप लिहिली : 'आखाडा – शेतातील गोठा.' सुट्टीत गावी गेलो असता वडिलांना कौतुकाने ती वाचून दाखवली. त्यांना अक्षरओळख नव्हती. थोडा वेळ गप्प राहून ते म्हणाले, "गोठ्यात ढोरं ऱ्हातात. आपुन तं सारी सुगी तिथंच काढीत व्हतो. मंग आपुन कोन?"

अर्थविचाराची अनेक पुस्तके मी वाचली आहेत. या प्रश्नाला त्यांतून उत्तर मिळालेले नाही. माझा प्रतिशब्द चुकीचा नव्हता. मात्र त्यात जागा होती आणि माणसे नव्हती. हळद शिजवण्याच्या दिवसांत रात्रभर पेटती राहणारी कढई, तिच्या उबेला झोपलेली आम्ही भावंडे, कडब्याच्या गंजीआडून येणारा आईचा आवाज, हे सारे त्या शब्दाचा भाग होते. मी ते वगळले, कारण ज्याच्यासाठी तळटीप लिहीत होतो त्या वाचकाला त्याची गरज नाही, असे मी गृहीत धरले होते.

ग्रामीण आणि दलित साहित्यकृतींच्या अखेरीस येणाऱ्या शब्दसूचींकडे मी तेव्हापासून वेगळ्या नजरेने पाहतो. ज्याला शब्द ठाऊक आहे त्याला सूची नको असते. म्हणजे सूची जोडताच संहितेचा अभिप्रेत वाचक गावाबाहेर जाऊन बसतो, आणि ज्याच्या बोलीत पुस्तक लिहिले तो स्वतःच्याच घरात परका होतो. तरीही सूचीच नको, असे मी म्हणणार नाही. प्रश्न ती कशी करावी, हा आहे.

या संदर्भात जोसेफ राइट आठवतो. यॉर्कशायरमधील हा गिरणीकामगार मुलगा वयाच्या पंधराव्या वर्षाच्या सुमारास वाचायला शिकला आणि पुढे ऑक्सफर्डला तौलनिक भाषाशास्त्राचा प्राध्यापक झाला. १८९२ साली त्याने विंडहिल या आपल्याच परिसरातील बोलीचे व्याकरण प्रसिद्ध केले. १८९८ ते १९०५ या काळात त्याच्या संपादनाखाली इंग्रजी बोलींचा सहा खंडांचा कोश निघाला. त्यात शब्दाबरोबर तो कोणत्या परगण्यात बोलला जातो हे येते, आणि तो जिथे वापरला गेला ती वाक्येही येतात. अर्थ प्रतिशब्दात संपत नाही, तो बोलणाऱ्यांच्या वाक्यांत असतो, हे त्या रचनेनेच मान्य केले आहे.

मी स्वतः हे किती मान्य केले आहे, याची परीक्षा अलीकडेच झाली. कळमनुरी तालुक्यातील एका विद्यार्थिनीच्या प्रबंधिकेत 'कास्तकार' हा शब्द होता. मूळ फारसी असलेला हा शब्द १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात असलेल्या या मुलखात आजही रुळलेला आहे. तो खोडून मी समासात 'शेतकरी' असे लिहिले. लिहून झाल्यावर हात थांबला. वडील आता नाहीत, पण त्यांचा प्रश्न कानी आला.

माझी खोडणी मी खोडली. तिला बोलावून विचारले, "हा शब्द तुमच्याकडे कोण म्हणतं? कोणाला? कधी?" ती तासभर बोलत होती. ते सारे तळटीपेत मावणार नाही, हे आम्हा दोघांनाही कळत होते. मी तिला म्हटले, मग ते मुख्य मजकुरातच येऊ दे.