छापांची वही

काड्यापेटीवर चिकटविलेल्या चित्रास आमच्या लहानपणी ‘छाप’ असे म्हणत. रस्त्यावर कोळशाने एक वर्तुळ आखावयाचे, त्यात प्रत्येक गड्याने आपले छाप मांडावयाचे आणि ठरलेल्या अंतरावरून चपटा दगड मारून ते बाहेर उडवावयाचे, असा तो खेळ असे. जो छाप बाहेर गेला तो उडविणाऱ्याचा. कोणता छाप दहाचा आणि कोणता शंभराचा हे ठरविण्याचा अधिकार गल्लीतील थोरल्या मुलांकडे असे व त्यांच्या निवाड्यावर अपील नसे. या खेळातून पुष्कळांस संग्रहाचा नाद लागला आणि मिसरूड फुटताच तो सुटलाही. आमचा मात्र सुटला नाही. बेलपाड्यातील आमच्या दोन खोल्यांत आज जे काही कपाटे अडवून बसले आहे, त्याचे मूळ त्या कोळशाच्या वर्तुळात आहे.

हा विषय वार्षिकात घेण्याचे कारण गेल्या वर्षीची पालकसभा होय. क्रिकेटपटूंची चित्रे छापलेले पत्ते मुले पाकिटेच्या पाकिटे विकत घेतात, डब्याचे पैसे त्यात घालवितात आणि शाळेच्या फाटकाबाहेर त्यांची देवघेव करतात, अशी तक्रार पुष्कळ पालकांनी केली. तिच्यात तथ्य होते. पाकीट बंद असते, आत कोणता पत्ता निघेल हे घेणाऱ्यास ठाऊक नसते, आणि हवा तो निघेपर्यंत हात थांबत नाही. याला संग्रह म्हणण्यापेक्षा सोडत म्हणणे अधिक योग्य. एका पालकांनी सरसकट बंदीची सूचना मांडली. आम्ही मुलांस दुसऱ्या दिवशी पत्ते घेऊन बोलाविले व प्रत्येकास तीन प्रश्न विचारले: हा पत्ता कोणत्या वर्षीचा? तुला तो कोणाकडून मिळाला? या खेळाडूविषयी पत्त्यावर छापलेले नाही असे तुला काय ठाऊक आहे? तिन्हींची उत्तरे कोणालाच देता आली नाहीत. ‘याची किंमत किती?’ या न विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर मात्र सर्वांच्या जिभेवर होते.

किमतीचे हे वेड ज्या देशात शिगेला पोहोचले आहे, तेथील हकीकत सांगण्याजोगी आहे. अमेरिकेत बेसबॉल नावाचा चेंडूफळीचा खेळ आहे. तेथील तंबाखूच्या कंपन्या एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून सिगारेटच्या पाकिटात खेळाडूंच्या चित्रांचे पत्ते घालू लागल्या. पाकीट वाकू नये हा एक हेतू, गिऱ्हाईक परत यावे हा दुसरा. १९०९ ते १९११ या काळात निघालेल्या एका मालिकेत होनस वॅग्नर या खेळाडूचा पत्ता होता. त्याने हरकत घेतल्यामुळे तो छापणे लवकरच थांबले. हरकत तंबाखूस होती की मोबदला न मिळाल्याबद्दल होती, याविषयी दोन मते आहेत. तो पत्ता दुर्मिळ झाला आणि त्याची एक प्रत २०२२ साली ७२ लाख ५० हजार डॉलरांस विकली गेली. त्याच वर्षी १९५२ सालचा मिकी मँटल याचा पत्ता १ कोटी २६ लाख डॉलरांस गेला. हा दुसरा पत्ता तंबाखूबरोबर नव्हे, तर टॉप्स नावाच्या चघळगोंदाच्या कंपनीने काढलेला होता. त्या वर्षीच्या मालाची न खपलेली खोकी पुढे कंपनीच्याच माणसांनी समुद्रात बुडविली, असे त्या कंपनीतील एका जुन्या अधिकाऱ्याने सांगून ठेवले आहे.

हे आकडे वर्गात सांगितले तेव्हा मुलांचे डोळे विस्फारले. त्यांना खरे सांगावयाचे होते ते पुढेच. न्यूयॉर्क संस्थानातील सिरॅक्यूज गावी जेफर्सन बर्डिक नावाचा एक अविवाहित कामगार विजेच्या सामानाच्या कारखान्यात नोकरीस होता. संधिवाताने त्याची बोटे आखडत चालली होती. त्याने बेसबॉलचे पत्तेच काय, जाहिरातीची चित्रे, शुभेच्छापत्रे, पोस्टकार्डे असे तीन लाखांहून अधिक छापील कागद जमविले. त्यांत बेसबॉलचे पत्ते तीस हजारांवर होते. त्याने एकही सामना मैदानावर जाऊन पाहिला नव्हता असे सांगतात. परंतु कोणत्या कंपनीने कोणती मालिका केव्हा काढली याची त्याने सूची बनविली, प्रत्येक मालिकेस अक्षर व अंक दिला आणि १९३९ साली ती सूची छापली. वॅग्नरच्या मालिकेस आज सारे जग ‘टी २०६’ म्हणते, ते बर्डिकने दिलेले नाव होय. हा सर्व संग्रह त्याने न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयास फुकट दिला. तेथेच एका कोपऱ्यात बसून तो वर्षानुवर्षे एकेक कागद वहीत चिकटवीत राहिला. १९६३ च्या जानेवारीत शेवटचा कागद चिकटवून झाला आणि मार्चमध्ये तो वारला. लिलावात कोट्यवधी डॉलर मोजणाऱ्यांची नावे आमच्या लक्षात राहिली नाहीत.

असो. आमच्या छापांस कोणी कोटी तर राहोच, शंभर रुपयेही देणार नाही. पण बोटभर कागदात किती इतिहास मावतो हे पाहण्यास ते फार सोयीचे आहेत. पेटीवरच घासून पेटणारी निर्धोक काडी स्वीडनची. तेथील यंशपिंग गावच्या लुंडस्ट्रोम बंधूंनी ती १८५५ साली पॅरिसच्या प्रदर्शनात मांडली. आपल्याकडे बरीच वर्षे स्वीडनची आणि नंतर जपानची पेटी येत असे. परदेशी कारखानदार मोठे धोरणी. हिंदुस्थानात खपावी म्हणून पेटीवर हत्ती, वाघ, देवदेवता, इतकेच नव्हे तर राजा रविवर्म्याच्या चित्रांच्या नकलाही छापीत. परदेशी पेट्यांवर जबर जकात बसल्यावर स्वीडिश कंपनीने येथेच धंदा थाटण्याचे ठरविले. १९२३ साली मुंबईत ‘विमको’ स्थापन झाली आणि डोंगरापलीकडे अंबरनाथास तिचा कारखाना उभा राहिला. त्याच सुमारास दक्षिणेत शिवकाशी येथे हाताने काड्यापेट्या करण्याचा धंदा सुरू झाला. त्या पेट्यांचे छाप छापता छापता ते गाव छपाईचे मोठे ठाणे बनले, हेही ध्यानात ठेवण्याजोगे आहे.

जुन्या पेटीवर साल छापलेले नसे. तरी ते काढता येते, आणि या कामात जो आनंद आहे तो गणिताचे अवघड उदाहरण सुटल्यावरच मिळतो. १९३४ साली सरकारने देशी काड्यापेट्यांवर अबकारी कर बसविला व कर भरल्याची खूण म्हणून पेटीवर कागदी पट्टी चिकटविणे भाग पडले. पट्टीचा तुकडा छापाबरोबर टिकला असेल तर छाप त्याच्या आधीचा नव्हे. किंमत आण्यांत असेल तर तो १९५७ च्या एप्रिलपूर्वीचा असण्याचा संभव अधिक, कारण त्या महिन्यात दशमान नाणी आली. ‘नये पैसे’ असे असेल तर १९५७ ते १९६४ या सात वर्षांतला. १९६४ च्या जूनपासून ‘नये’ हा शब्द गळाला. पुढे लाकडी चिपांच्या पेट्या जाऊन पुठ्ठ्याच्या आल्या, चित्र थेट पुठ्ठ्यावर छापले जाऊ लागले आणि सोडवून घेण्याजोगा छापच उरला नाही. २०२१ च्या डिसेंबरात चौदा वर्षांनी पेटीची किंमत एक रुपयाची दोन रुपये झाली, तेव्हा आम्ही मुद्दाम दोन्ही किमतींच्या पेट्या घेऊन ठेवल्या. दुकानदाराने आमच्याकडे थोडे चमत्कारिक नजरेने पाहिले.

मुंबईच्या चोरबाजारात एका विक्रेत्याने आम्हांस ‘शंभर वर्षांचा जपानी छाप’ म्हणून एक कागद दाखविला होता. वरून तो पिवळा होता, पण कडेचा रंग चहाचा होता आणि पाठीला खळीचा लवलेश नव्हता. पेटीवर कधी चिकटलाच नाही तो छाप कसला? आम्ही तो नमस्कार करून परत दिला.

संग्रह लहान असतो तोवर मनुष्य त्याचा धनी असतो. वाढू लागला की उलट होण्याची भीती असते. २००९ च्या सुमारास आमच्याकडे जोड्यांची अकरा खोकी भरली होती. त्यांत छाप होते, सिगारेटची पाकिटे होती आणि आमच्या शाळकरी वयात चघळगोंदाबरोबर मिळणारी, धावा व बळी छापलेली क्रिकेटपटूंची चित्रे होती. घरात पुस्तके ठेवावयाची की खोकी, असा साधा प्रश्न आमच्या कुटुंबाने टाकला आणि तो रास्त होता. आम्ही सीमा आखली: पनवेल व उरण या भागांतील दुकानांतून विकल्या गेलेल्या पेट्यांचेच छाप ठेवावयाचे. क्रिकेटपटू भाच्याकडे गेले. परदेशी छाप, ज्यांनी त्यांच्याबद्दल स्थानिक छाप दिले त्यांच्याकडे गेले. पाकिटे रद्दीत गेली. त्यांचा वास शिक्षकाच्या घरात शोभतही नव्हता. अकरा खोक्यांची चार झाली, आणि तेव्हापासून नवा छाप हाती आला की हर्षाबरोबर ‘हा आपला आहे काय?’ हा प्रश्नही येतो.

पुण्याचे कै. दिनकर केळकर यांचे संग्रहालय ज्यांनी पाहिले आहे, त्यांना दिवे, अडकित्ते, दौती यांची दालने आठवत असतील. त्यांच्या सुमारे वीस हजार वस्तूंपैकी थोड्याच एका वेळी मांडता येतात. ज्याचे सारे आयुष्य आणि घर या कामी लागले त्याचीही जागा पुरली नाही, मग आमची काय कथा!

राहिली जतनाची गोष्ट. डोंगरावरील प्रवचनात कसर आणि जंग यांविषयी जो इशारा आहे, त्याचा प्रत्यय घेण्यास कोकणच्या पावसाळ्यासारखी दुसरी शाळा नाही. छाप कोमट पाण्यात पंधरा मिनिटे ठेवला की आपोआप सुटतो. मात्र आधी कोपऱ्यावर थेंब टाकून लाल शाई फुटते काय हे पाहावे. मग टीपकागदात घालून वर जड ग्रंथ ठेवावा. आम्ही मोल्सवर्थचा कोश ठेवतो, त्याचे तेवढेच ओझे पुरे होते. चिकटपट्टी कधीही लावू नये, कारण ती काही वर्षांत पिवळी पडून कागद खाते. मऊ प्लास्टिकच्या पिशव्या उकाड्यात चित्रास चिकटतात. जाड कागदावर चार कोपऱ्यांचे खिसे करून त्यांत छाप बसवावा आणि श्रावणातील उघडिपीच्या दिवशी सर्व पाने वाऱ्यावर धरावीत.

आणि वही. तिच्यात सात रकाने आहेत: क्रमांक, छापाचे नाव, कारखाना, किंमत, कोणत्या दुकानी विकला जाई, कोणी दिला, केव्हा दिला. तोच क्रमांक छापाच्या पाठीवर मऊ पेन्सिलीने लिहावयाचा. पाचवा रकाना सर्वांत अवघड. १९७० साली सिडको स्थापन झाली, नव्या नगरासाठी आमच्या भागातील गावांच्या शेतजमिनी गेल्या, आणि हळूहळू जुनी दुकानेही गेली. छाप कोठेही मिळेल. तो कोणाच्या फळीवर होता हे सांगणारे माणूस मिळणार नाही.

तीन वर्षांपूर्वी गावातील एका जुन्या किराणा दुकानदाराच्या घरच्या आजींनी आम्हांस बोलावून बिस्किटांचा पत्र्याचा डबा पुढ्यात ठेवला. त्यांच्या यजमानांनी रिकाम्या पेट्यांवरून सोडविलेले ३४० छाप त्यात होते. एकाचीही नोंद नव्हती. आजींना अक्षरओळख नव्हती, पण चित्रे सारी ओळखीची होती. आम्ही रविवारची भक्ती आटोपून दुपारी त्यांच्या ओट्यावर बसू लागलो. त्या एकेक छाप डोळ्यांजवळ धरीत आणि सांगत. दोन घोड्यांचा एक छाप हाती घेऊन त्या म्हणाल्या, “मास्तर, ह्यो छाप होरीवाले नेवाचे. जरा भिजला तरी पेटाचा.” कोणती पेटी लग्नसराईत पेट्रोमॅक्ससाठी जाई, कोणती उधारीवर देत नसत, कोणता माल पनवेलहून बैलगाडीने येई, हे सर्व त्या ओट्यावर मिळाले. चार रविवारांत १९३ छाप लिहून झाले. पाचव्या रविवारी त्यांना ताप होता. श्रावण लागण्यापूर्वीच त्या गेल्या.

पालकसभेनंतर आम्ही बंदी घातली नाही. फाटकाबाहेरची देवघेव बंद केली, आणि महिन्यातून एका शनिवारी ज्याच्यापाशी वही असेल त्याने आपले पत्ते वर्गात मांडावेत असे ठरविले. पहिल्या शनिवारी सात वह्या आल्या. आठवीतील एका मुलीने विकतचा एकही पत्ता आणला नव्हता. तिने सांगलीच्या विजय सॅम्युअल हजारे यांचा पत्ता हाताने काढला होता. पाठीमागे १९४८ साली ॲडलेडच्या एकाच कसोटीतील त्यांच्या ११६ व १४५ धावा, आणि १९५२ साली मद्रासला त्यांच्या नेतृत्वाखाली भारताने जिंकलेला पहिला कसोटी सामना, अशी माहिती सुवाच्य अक्षरांत लिहिली होती. ‘कोणाकडून मिळाले’ या रकान्यात तिने आपल्या आजोबांचे नाव घातले होते.

आजींच्या डब्यातील उरलेले १४७ छाप या वर्षी स्नेहसंमेलनाच्या दिवशी चित्रकलेच्या वर्गात मांडले जातील. बेलपाडा, खारघर, कोपरा, ओवे या गावांतील विद्यार्थ्यांनी येताना आपल्या आजी-आजोबांस अवश्य बरोबर आणावे. त्यांच्यासाठी खुर्च्या ठेवल्या आहेत, आणि वही व पेन्सिल घेऊन आम्ही दाराशीच बसलेले असू.