मणी वाढले

आपल्या भाषेला अशुभ बोलायचे मोठे जिवावर येते. वाणी दुकान बंद करीत नाही, ते 'वाढवतो'. बांगडी फुटत नाही, वाढते. आणि मंगळसूत्राचा दोरा तुटून काळे मणी घरभर पळाले, तरी घरातल्या बायका म्हणणार, "अगबाई, मंगळसूत्र वाढलं!" लहानपणी मला हे अगदी खरे वाटे. मी गुडघ्यांवर रांगत एकेक मणी वेची आणि मोजून पाही. ते कधी एकानेही वाढलेले नसत. एखाददुसरा फरशीच्या फटीत जाऊन कमीच भरे.

आमचे घर कर्जतला, उल्हास नदीपासून हाकेच्या अंतरावर. तेव्हा आमच्या जिल्ह्याचे नाव कुलाबा होते. रात्री अंथरुणात पडले, की स्टेशनातला खडखडाट ऐकू येई. बोरघाट चढण्यासाठी पुण्याच्या गाड्यांना कर्जतला मागून जादा इंजिने जोडतात, त्याचा तो आवाज. आमच्या आत्याचेही घरातले काम काहीसे असेच होते. ती मागे राहून सारे घर ढकलीत असे. सव्विसाव्या वर्षी ती विधवा होऊन माहेरी आली, ती कायमचीच. तिच्या मोकळ्या गळ्याची आम्हा मुलांना इतकी सवय झाली होती, की तो कधी भरलेला होता हे आमच्या ध्यानातही येत नसे.

एका दिवाळीत भावांनी अंगणात किल्ला केला. मावळे झाले, तोफा झाल्या, अळिवाची हिरवळ उगवली. मी हट्टाने मातीची एक राणी त्यात नेऊन बसवली आणि वेचून ठेवलेल्या काळ्या मण्यांची इवलीशी पोत ओवून तिच्या गळ्यात घातली. आत्या पडवीत वाती वळीत बसली होती. तिने विचारले, "ही कोण गं?"

"ताराबाई," मी म्हणाले. शाळेत नुकताच तो धडा झाला होता.

"मग तिच्या गळ्यात काळे मणी कुठून आले?"

मला काही कळेना. वात वळता वळता आत्या सांगू लागली. वाचनालयातून इतिहासाची पुस्तके आणून दुपारी वाचायची हा तिचा एकच शौक. राजाराम महाराज १७०० साली सिंहगडावर गेले तेव्हा ताराबाई जेमतेम पंचवीस वर्षांची होती. पुढली सात वर्षे, औरंगजेब मरेपर्यंत, तिने त्याच्याशी झुंज चालवली. जिजाबाई १६६४ मध्ये सती जायला निघाल्या होत्या. शिवाजीराजांनी विनवून त्यांना मागे फिरवले, आणि पुढची दहा वर्षे राज्याला आईचा आधार राहिला. नगरच्या किल्ल्यावर मोगलांशी लढलेली चांदबिबीदेखील विजापूरच्या सुलतानाची विधवाच.

"आणि आपल्या शेजारच्या खालापुरातली गोष्ट ठाऊक आहे का?" आत्याचा आवाज आता वेगळाच झाला होता. २ फेब्रुवारी १६६१ ला कारतलबखानाची फौज कुरवंडे घाट उतरून उंबरखिंडीच्या रानात शिरली आणि मराठ्यांनी तिला दोन्ही तोंडांनी कोंडले. त्या फौजेत एक बाई सरदार होती. माहूरच्या देशमुखांची ती विधवा. मोगलांनी तिला 'रायबागन', म्हणजे राजवाघीण, असा किताब दिलेला. आता लढण्यात अर्थ नाही, शरण जा, हे खानाला तिनेच सुनावले. कवींद्र परमानंदाने शिवभारतात हे लिहून ठेवले आहे. "शत्रूच्या पक्षातली खरी," आत्या म्हणाली, "पण तेवढ्या पुरुषांत खरे बोलायचे धैर्य तिला एकटीलाच झाले."

मी मुकाट्याने राणीच्या गळ्यातली पोत काढायला गेले. आत्याने माझा हात धरला. "असू दे," ती म्हणाली, "मातीच्या बाईला काही बाध येत नाही."

आमच्याकडे दिवाळीत एक ठाकरीण कारिटे घेऊन येत असे. तिच्या गळ्यात निळ्यापांढऱ्या मण्यांच्या माळांवर माळा असत, साऱ्या तिने स्वतः ओवलेल्या. त्या दिवशी आत्याकडे पाहत तिने विचारले, "तुजा गला असा मोकला का गं, बाय?" आत्याने कारण सांगितले. ठाकरीण हसली नाही, हळहळलीही नाही. "दादला गेला, त्यात मन्यांनी काय केलं?" एवढेच म्हणून तिने पाटी डोक्यावर घेतली.

नेमके त्याच वर्षी लक्ष्मीपूजनाच्या सकाळी आईचे मंगळसूत्र 'वाढले'. पटवेकऱ्याचे दुकान बंद. आईचे डोळे बारीक कामाला अधू. बारीक मणी ओवण्यात आत्याइतका हात घरात कुणाचाच नव्हता; पण हे कुणी बोलेना. शेवटी आईच म्हणाली, "वन्सं, तुम्हीच द्या गाठवून."

"माझ्या हातानं, वहिनी?"

सगळ्यांनी आजीकडे पाहिले. आजी काही क्षण गप्प राहिली. मग उठली, खिडकीजवळचा पाट झाडून टाकला आणि म्हणाली, "इथे बस. उजेड चांगला आहे."

आत्याने ताटात ओला पंचा पसरून त्यावर मणी टाकले, म्हणजे घरंगळत नाहीत. दोऱ्याला मेण लावले, टोक चिमटीत ताठ केले. सोन्याच्या दोन वाट्या मधोमध, दोन्ही बाजूंना सारखे मणी. तास-दीड तास कुणी बोलले नाही. शेवटची गाठ तिने तीनतीनदा ओढून पाहिली. ते मंगळसूत्र आईने तसेच गळ्यात घातले, आणि माझे वडील त्यानंतर एकतीस वर्षे ठणठणीत जगले. आजी हा हिशेब आल्यागेल्याला सांगे. त्यानंतर गल्लीतल्या बायकाही आपली 'वाढलेली' पोत घेऊन आत्याकडे येऊ लागल्या.

पुढल्या दिवाळीत ठाकरणीने कारिटांबरोबर एक माळ आणली. आत्याने ती गळ्यात घातली नाही. तेवढी तिची तयारी झाली नसावी. तिने दोन वेढे देऊन ती मनगटाला बांधली, आणि शेवटपर्यंत सोडली नाही.

२०२२ च्या मे महिन्यात कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने ठराव केला, की नवरा गेल्यावर बाईचे मंगळसूत्र तोडायचे नाही, कुंकू पुसायचे नाही, बांगड्या फोडायच्या नाहीत. सरकारनेही परिपत्रक काढून इतर गावांना तोच कित्ता गिरवायला सांगितले. ती बातमी वाचली तेव्हा आत्या हवी होती असे फार वाटले. त्यानंतरच्या हिवाळ्यात मी उंबरखिंडीत जाऊन आले. चावणीजवळ अंबा नदीच्या पात्रातले दगड ऊन खात पडले होते. तिथे विजयाचे स्मारक आहे, ते असायलाच हवे. मी मात्र, परक्या फौजेतून आलेल्या त्या बाईने कुठे उभी राहून खानाला ते चार शब्द सुनावले असतील, ती जागा शोधीत राहिले.

आत्याची माळ आज माझ्याकडे आहे. दोरा दोनदा कुजला, दोन्ही वेळा मीच ती पुन्हा ओवली. मणी मोजले, तेवढेच भरले. तरी आता कुणी "वाढलं" म्हणाले, तर मी हसत नाही.