तो डेर, ती डेर

माझ्या वहीच्या पहिल्या पानावर तीन रंगांच्या रेघा आहेत. निळी म्हणजे डेर, पुल्लिंग. लाल म्हणजे डी, स्त्रीलिंग. हिरवी म्हणजे डास, नपुंसकलिंग. पहिल्याच तासाला मॅडमनी बजावलं होतं, "जर्मन नाम कधी एकटं पाठ करायचं नाही. त्याच्या पुढचं डेर, डी, डास सुटलं, तर ते नाम तुम्हाला आलंच नाही असं समजा." मी लगेच लिहून घेतलं. हे समजायला किती दिवस लागणार आहेत, याचा मात्र त्या दिवशी अंदाज नव्हता.

मी नर्स आहे. जीएनएम झाल्यापासून कर्जतलाच एका दवाखान्यात काम करते. 2024 साली महाराष्ट्र सरकारने जर्मनीतल्या बाडेन-व्युर्टेम्बेर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळाचा करार केला, त्यात नर्सिंगही आहे, हे ड्युटीवरच कळलं. तिकडे नर्स म्हणून मान्यता मिळवायची तर साधारण बी-टू पातळीपर्यंत जर्मन यावं लागतं. मी अजून ए-टूमध्ये आहे. क्लास ऑनलाइन, रात्री साडेआठचा. खाली रेंज येत नाही म्हणून गच्चीवर बसते.

आमचं कर्जत अहिल्यानगर जिल्ह्यातलं, गोदड महाराजांचं. बाहेर कुठे कर्जत म्हटलं की लोकांना लोकलचं, रायगडातलं कर्जत आठवतं. क्लासमध्येही तसंच झालं, मला कोणतं कर्जत ते सांगावं लागलं. तेव्हा मॅडम म्हणाल्या, "जर्मनमध्ये ‘से’ तसाच आहे. डेर से म्हणजे तलाव, डी से म्हणजे समुद्र." पुढचा एक शब्द बदलला आणि तलावाचा समुद्र झाला. नामाआधीच्या त्या शब्दाला एवढं का जपायचं, हे मला तिथे पहिल्यांदा थोडं उमगलं.

पण कुठल्या नामाला कोणतं लिंग? दवाखान्यातल्या वस्तूंची यादी केली. सिरिंज डी स्प्रिट्से, बँडेज डेर फेरबांट, चिकटपट्टी डास फ्लास्टर. ट्रेमध्ये तिन्ही शेजारी शेजारी असतात, आणि लिंगं तीन. काही ठिकाणी शेपूट बघून कळतं. शेवटी ‘उंग’ असलं की डी, म्हणून लसीकरण डी इम्पफुंग. जोडशब्दात शेवटच्या शब्दाचं चालतं. रक्त डास ब्लूट, दाब डेर ड्रुक, म्हणून रक्तदाब डेर ब्लूटड्रुक. हे मला चटकन पटलं, कारण आपल्याकडेही देव तो, घर ते आणि देवघर ते. बाकीचं पाठांतर. बाडेन-व्युर्टेम्बेर्गमधल्या बोलीत तर प्रमाण भाषेतलं ‘डी बुटर’, म्हणजे लोणी, ‘डेर बुटर’ होतं असं मॅडमनी सांगितलं. त्याचं मला फार नवल वाटलं नाही. आमच्या घरात पेन ‘तो’ आहे, वर्गातल्या एका मैत्रिणीच्या घरात ‘ते’.

अडले ते ‘मेडशेन’वर. मेडशेन म्हणजे मुलगी, आणि ती डास. हिरव्या रेघेखाली मुलगी लिहिताना माझा हातच थांबला. जितीजागती मुलगी नपुंसकलिंगी कशी? मॅडमनी कारण सांगितलं. ‘शेन’ हा लहानपण दाखवणारा प्रत्यय. तो लागला की नाम मूळचं कुठल्याही लिंगाचं असो, डास होतं. कारण कळलं, पण मनाला पटेना.

दुसऱ्या दिवशी सकाळी आमची गाय व्यायली. मी गोठ्यात गेले तेव्हा आई ओल्या वासराला पोत्याने पुसत होती. "उभं राहतंय बघ, धर त्याला," म्हणाली. मी धरलं. पाय लटलट कापत होते. मग आईने शेपूट उचलून बघितलं आणि तिचा चेहरा फुलला. "कालवड हाय गं! आली बाई माझी." एका क्षणात ‘ते’ची ‘ती’ झाली. मी तिथेच उभी राहिले. वासरू, कोकरू, पाखरू, पिल्लू, लेकरू, सगळी आपल्याकडे ‘ते’. माझी भाची शाळेतून यायला उशीर झाला की आई दारात उभी राहून विचारते, "लेकरू आलं नाही का गं अजून?" लेकरू ‘आलं’, ‘आली’ नाही. त्यात कुणी पोरीचं मुलगीपण काढून घेत नाही, उलट मायाच असते. जर्मन माणसाच्या मनात मेडशेन म्हणताना माया असते की नाही हे मी कसं सांगू, पण माझ्यापुरता तो शब्द त्या गोठ्यात बसला. तिकडे मालवणीत, कोकणीत तर ‘चेडू’ म्हणजे मुलगी, आणि तेही नपुंसकलिंगीच. हे मॅडमनी सांगितलं तेव्हा फारच बरं वाटलं.

खरी दमछाक केली ती माझ्या रोजच्या शब्दाने. पेशंट. जर्मनमध्ये डेर पात्सिएंट. निळी रेघ मारली आणि मला वाटलं, एवढा तरी माझा झाला. पण वाक्यात घालताच तो बदलायला लागला. मी पेशंटला विचारते: इश फ्रागे डेन पात्सिएंटेन. मी पेशंटला मदत करते: इश हेल्फे डेम पात्सिएंटेन. मराठीत दोन्हीकडे एकच ‘ला’. त्यांच्याकडे विचारण्याचा ‘ला’ वेगळा, मदतीचा ‘ला’ वेगळा. इतकी वर्षं हा एक ‘ला’ दोघांचं काम एकटा करतोय, हे माझ्या कधी लक्षात आलं नव्हतं.

नामाला शेपूट का फुटतं, तेही विचारलं. पुढचा शब्द बदलला ना, मग पात्सिएंटचा पात्सिएंटेन कशाला? मॅडम म्हणाल्या, "घोडा आणि ला, घोडाला म्हणता का?" घोड्याला. शाळेत घोकलेलं सामान्यरूप. जर्मनमध्ये बहुतेक नामं अशी वाकत नाहीत, पण थोडी पुल्लिंगी वाकतात, आणि त्यांत माणसंच जास्त. मुलगा, विद्यार्थी, पेशंट.

मग चाचणीत मी लिहिलं, इश हेल्फे डेन पात्सिएंटेन. डेमच्या जागी डेन गेला होता. लाल खूण येणार म्हणून धास्तावले होते. मॅडमनी वाचलं आणि म्हणाल्या, "वाक्य बरोबर आहे. पण तुम्ही एकाला नाही, सगळ्या पेशंटना मदत करताय." म्हणजे डेन पात्सिएंटेन हे विचारताना एक पेशंट, आणि मदत करताना अख्खा वॉर्ड. त्या रात्री मला झोप आली नाही. पेशंटच्या बाबतीत एकाचे अनेक होणं ही साधी चूक नाही. ड्युटी संपताना पुढच्या सिस्टरला ओव्हर देताना एक शब्द इकडचा तिकडे झाला, तर गोळी दुसऱ्याच्या हातात जाईल.

आणि बाई पेशंट? डी पात्सिएंटिन. लाल रेघ. तिला विचारते, तेव्हा डी तसाच राहतो. तिला मदत करते, तेव्हा मात्र इश हेल्फे डेर पात्सिएंटिन. डेर! निळ्या शाईतला, पुरुषाचा म्हणून महिनाभर घोकलेला डेर बाईच्या पुढे येऊन उभा. मी हात वर करून म्हटलं, "मॅडम, हा तर तो आहे." त्या म्हणाल्या, "मदतीच्या वेळी हा तिचा असतो." वहीत आता लाल रेघेखाली डेर लिहिलाय आणि त्याला चौकट केलीय.

यातही कानाचा प्रश्न वेगळाच. पात्सिएंटेन आणि पात्सिएंटिन, भराभर बोललं की दोन्ही सारखेच ऐकू येतात. पुरुष की बाई हे नामावरून कळतच नाही. कळतं ते पुढच्या शब्दावरून, डेम की डेर. पहिल्या दिवशी मॅडम काय बजावत होत्या, ते मला इथे येऊन खरं कळलं.

आता नाइटला मी खाटांवरून फिरताना सराव करते. तीन नंबरला एक बाबा, इश हेल्फे डेम पात्सिएंटेन. चार नंबरला मांडीचं हाड मोडलेल्या आजी, इश हेल्फे डेर पात्सिएंटिन. परवा पहाटे आजी जाग्याच होत्या.

"काय पुटपुटती गं, सिस्टर?"

"आजी, जर्मनमध्ये म्हणत होते, मी तुम्हाला मदत करते."

"मग आधी मला जरा वर सरकव," त्या म्हणाल्या. मी वही खिशात ठेवली आणि त्यांच्या पाठीखाली हात घातला.