मुठेल आणि दोन हायड्रोजन

दोन हायड्रोजन. फक्त दोन! स्टिअरिक आम्लात अठरा कार्बनांची साखळी, ओलेइक आम्लातही अठराच. फरक एवढाच की ओलेइकच्या साखळीत मधोमध एक दुहेरी बंध असतो, म्हणून दोन हायड्रोजन कमी. आणि तेवढ्यावर पहिलं वितळतं ६९ अंशांना, दुसरं साधारण १३ अंशांना! हे कळल्यापासून फडताळातली एकेक बरणी काढून मी नुसती बघत बसते.

तेल म्हणा, तूप म्हणा, रेणूची ठेवण तीच: ग्लिसरॉलचा छोटासा कणा आणि त्याला जोडलेली स्टिअरिक-ओलेइकसारखी तीन मेदाम्लं. फ्रान्सच्या शेव्रल या रसायनशास्त्रज्ञानं १८२३ सालच्या ग्रंथात ही मेदाम्लं वेगवेगळी करून दाखवली. दुहेरी बंधापाशी साखळी वाकते. सरळ काटक्यांची मोळी गच्च बसते, वाकडी घुसली की फट राहते, तसंच इथे. सरळ साखळ्या एकमेकींना घट्ट धरून असतात, त्यांना सुटं करायला जास्त उष्णता लागते. शेंगदाणा तेलात वाकड्याच जास्त, म्हणून ते वाहतं. खोबरेलाची तऱ्हा और! त्यातल्या बहुतेक साखळ्या सरळ, पण आखूड. निम्म्याच्या आसपास तर बारा कार्बनांचं लॉरिक आम्ल. म्हणून ते २४ अंशांच्या आगेमागे गोठतं, आणि पुण्यात डिसेंबरच्या सकाळी बाटली उन्हात ठेवावी लागते.

पण मला खरं वेड लावलं ते मुठेलानं, म्हणजे कोकमाच्या तेलानं. रातांब्याच्या, म्हणजे कोकमाच्या फळाच्या, बिया वाळवून कुटायच्या, पाण्यात उकळायच्या, वर आलेलं तेल काढून घ्यायचं आणि थिजलं की गोळे वळायचे. कोकणात टाचांच्या भेगांवर पिढ्यान् पिढ्या हेच औषध. गोळा हातात घेऊन बघा. फिकट, टणक, नखानं नुसता ओरखडा उठतो. मुंबईच्या मे महिन्यातही घट्टच. आणि तापल्या उलथन्याला टेकवला की कडेनं पारदर्शक होत होत घळघळ ओघळायला लागतो! बाकीच्या बहुतेक तेला-तुपांत नाना तऱ्हेच्या रेणूंची सरमिसळ असते. मुठेलात मात्र बहुतेक रेणू एकाच घडणीचे. दोन कडांना स्टिअरिक, मध्ये ओलेइक. सगळे सारखे, म्हणून ४० अंशांच्या आसपास सगळे जवळजवळ एकदमच सुटतात.

आणि कोको बटर? जवळपास हीच घडण! मध्ये ओलेइकच, फक्त कडेला बऱ्याच ठिकाणी सोळा कार्बनांचं पाल्मिटिक आम्ल. म्हणून ते ३४ अंशांच्या सुमारास वितळतं, म्हणजे थेट जिभेवर. चॉकलेटात कोको बटरच्या जोडीला ५ टक्क्यांपर्यंत चालतील अशा सहाच वनस्पतिजन्य मेदांची यादी युरोपीय संघानं २००० साली केली, आणि त्यात आपलं कोकम आहे! साल वृक्षाच्या बियांचं तेल आहे. आंब्याच्या कोयीतलंसुद्धा आहे. यंदा एकही कोय टाकू देणार नाही मी घरात.