दोन सह्या

माझ्या वडिलांचं आयुष्यात एकच तत्त्व होतं, ते म्हणजे कुठल्याही कागदावर सही करायची नाही. त्यांच्या एका काकांनी कोणे एके काळी कोणाला तरी जामीन राहून सही केली आणि त्या सहीत आमची कोकणातली आंब्याची बाग गेली, असं ते सांगत. ती बाग मी पाहिलेली नाही. पण दर मे महिन्यात विकतच्या आंब्यांची पेटी फोडताना ती आमच्या गिरगावच्या दीड खोलीत सगळ्या कलमांसकट उभी राहायची. त्यामुळे माझ्या प्रगतिपुस्तकावर सही करायची वेळ आली तरी वडील आधी ते उलटं करून, पाठीमागे बारीक अक्षरांत काही छापलंय का, ते पाहून घेत. (त्या गडबडीत माझ्या मार्कांकडे त्यांचं लक्ष कमी जाई, हे त्या काकांचे माझ्यावरचे उपकारच.)

असल्या घराण्यात जन्माला येऊन मी लंडनमध्ये एक निवडणूक घडवून आणली, तीसुद्धा निव्वळ सही करून. म्हणजे निम्मी मी. उरलेली निम्मी शेजारच्या आयरिश आजींनी.

लंडन हे एक गाव आहे असं लांबून वाटतं. जवळ गेलं की तो बत्तीस बरो आणि मधोमध सोवळं नेसून बसलेली वेगळी 'सिटी', असा एकत्र कुटुंबाचा मामला निघतो. हे बत्तीस बरो १९६५ साली आधीचे लहानसहान बरो एकमेकांना जोडून तयार केले. प्रत्येकाची कौन्सिल निराळी, चूल निराळी, आणि शेजारच्या बरोला कचरा उचलण्याची अक्कल नाही हे मत मात्र सगळ्यांचं एक. कौन्सिलची निवडणूक दर चार वर्षांनी, मे महिन्यातल्या एका गुरुवारी. २०१८, २०२२, २०२६... पुढचं साल सांगायला ज्योतिषी लागत नाही. पंधरावीस वर्षांपुढच्या निवडणुकीचा महिना आजच कॅलेंडरवर लिहून ठेवावा. आपण तोवर असू की नाही, एवढाच काय तो प्रश्न.

आता तुम्ही विचाराल, गिरगावच्या माणसाचा इथल्या निवडणुकीशी संबंध काय? मलाही पहिल्यांदा तसंच वाटलं होतं. १९७९ साली मी इथे आलो, पासपोर्ट आजही अशोकस्तंभाचा आहे. पण या देशात रीतसर राहणाऱ्या कॉमनवेल्थच्या नागरिकाला मत असतं. कौन्सिलला असतं आणि पार्लमेंटलाही असतं. आयरिश माणसालाही असतं. दीडशे वर्षं आमच्याकडे मुक्काम ठोकून, न विचारता आमचा कारभार पाहिल्यावर साहेबाने "आता थोडा तुम्हीही आमचा पाहा" म्हटलं, तर नाही म्हणण्यात अर्थ नाही. आणि ही काही आजची गोष्ट नव्हे. कृष्ण मेनन १९३४ ते १९४७ अशी तेरा वर्षं लंडनच्या सेंट पँक्रस बरोत कौन्सिलर होते. दिवसा हिंदुस्थानच्या स्वातंत्र्यासाठी या सरकारशी भांडायचं आणि संध्याकाळी त्याच सरकारच्या राजधानीतली वाचनालयं कशी वाढतील ते पाहायचं! एवढं करून सेंट पँक्रसच्या लोकांनी त्यांना पुढे बरोचं मानाचं नागरिकत्वही दिलं.

आमचे कौन्सिलर मेननसाहेबांइतके थोर नव्हते. टक्कल, सायकल, आणि हिवाळ्यात नाकाच्या शेंड्याला कायम एक थेंब. इथला कौन्सिलर महिन्यातून एकदोनदा वाचनालयात बसून लोकांच्या तक्रारी ऐकतो, त्याला 'सर्जरी' म्हणतात. आम्ही नवे होतो तेव्हा दाराशी चिठ्ठी आली होती, "शनिवारी सकाळी दहा वाजता तुमच्या कौन्सिलरची सर्जरी." सौ. म्हणाली, "अहो, भेटायला जायला हवं. पण नारळपाणी कुठे मिळणार इथे?"

या गृहस्थांच्या मागे आयरिश आजी एका बाकासाठी लागल्या होत्या. आजी साठीच्या दशकात नर्स म्हणून इथे आल्या, आता ऐंशीच्या पुढे आहेत. घरापासून दुकानांपर्यंतचा रस्ता चढाचा. अर्ध्या वाटेवर एक लाकडी बाक होतं, त्यावर बसून त्या दम घेत. एका वर्षी ते बाक दुरुस्तीला म्हणून उचलून नेलं आणि ते जे गेलं ते गेलं. तेव्हापासून आजी दुकानापर्यंत जाईनाशा झाल्या. तसं पाहिलं तर केवढीशी गोष्ट! पण एका म्हातारीचं जग बाकाएवढं अंतर कमी होतं म्हणजे काय, ते पंचाहत्तरीनंतरच कळतं. कौन्सिलर दर सर्जरीत "पुढच्या आर्थिक वर्षात" म्हणत. शेवटी ते बाक मंजूर झाल्याचं आजींना सांगून गेले आणि पंधरा दिवसांत, २०२४ च्या ऑक्टोबरात, हृदयविकाराने वारले. आजी अंत्यविधीला जाऊन आल्या. म्हणाल्या, "भला माणूस होता. आता ते बाक कोणाला ठाऊक?"

दहनाला आठवडा होतो न होतो तोच एका पक्षाचा कार्यकर्ता माझ्या दाराशी. सुतकी चेहरा, हातात कागद. पक्षाचं नाव सांगत नाही, कारण दुसऱ्या पक्षाचाही असाच माणूस दुसऱ्या दिवशी आला होता. तो म्हणाला, "सर, एक सही हवी होती."

माझ्यासमोर आंब्याची बाग उभी राहिली.

मी चष्मा लावून कागद उलटा केला. पाठीमागे काही नव्हतं. पुढच्या बाजूला दोन ओळी होत्या : आमच्या वॉर्डातली जागा रिकामी झाली आहे, तरी ती भरावी. तो समजावू लागला. कौन्सिलर वारला तर निवडणूक आपोआप होत नाही. बरोतल्या कुठल्याही दोन मतदारांनी लेखी कळवायचं की जागा रिकामी आहे. तसं पत्र पोचलं की पस्तीस दिवसांच्या आत पोटनिवडणूक घ्यावीच लागते. शनिवार-रविवार आणि सुट्ट्या त्यात धरायच्या नाहीत, एवढीच सूट. नेहमीची निवडणूक सहा महिन्यांवर आली असेल तरच ही भानगड टळते. पत्र ज्याला लिहायचं त्याला कायद्यात नाव आहे 'प्रॉपर ऑफिसर', म्हणजे योग्य अधिकारी. आमच्या मुंबईतल्या सरकारी कचेऱ्यांत मी तरुणपणची कितीतरी वर्षं योग्य अधिकारी शोधण्यात घालवली आहेत. इथे तो कायद्यानेच नेमून ठेवलेला पाहून मला गहिवरून आलं.

"दोनच सह्या?" मी विचारलं.

"दोनच."

"शिक्का? स्टँप? दोन साक्षीदार?"

"नाही सर."

सौ. आतून म्हणाली, "अहो, जामीन नाही ना राहायचं कोणाला?"

मी त्याला थांबवून शेजारी गेलो. आजींनी सगळं ऐकलं, पेन शोधलं आणि माझ्याआधीच सही ठोकली. मग माझ्याकडे पाहून डोळे मिचकावत म्हणाल्या, "एक आयरिश आणि एक हिंदी मिळून इंग्रजांना निवडणूक घ्यायला लावतायत. माझे वडील असते तर पार्टी दिली असती." माझे वडील असते तर काय झालं असतं, हे मी त्यांना सांगितलं नाही. सही केली.

आणि खरोखर सगळं हललं! चार दिवसांत चर्चच्या फळ्यावर नोटीस लागली. उमेदवार उभे राहिले. कौन्सिलच्या निवडणुकीला इथे अनामत रक्कम नसते, त्यामुळे ती जप्त होण्याची मजाही नाही. खर्चाची मर्यादा म्हणाल तर साधारण हजार पौंड आणि वर मतदारामागे काही पेन्स. आपल्याकडे एवढ्यात नुसते वडे होत नाहीत. म्हणून सगळा भर पत्रकांवर. प्रत्येक पत्रकात उमेदवार रस्त्यातल्या खड्ड्याशी उकिडवा बसून खड्ड्याकडे बोट दाखवतोय. आमच्या वॉर्डात एकच चांगला खड्डा होता, तो सगळ्यांनी आळीपाळीने वापरला. शिवाय 'इथे फक्त आम्हीच जिंकू शकतो' असं सांगणारा उभ्या पट्ट्यांचा आलेख. त्यात स्वतःची पट्टी ताडाएवढी आणि दुसऱ्याची, आकडा जवळजवळ तितकाच असून, भुईमुगाएवढी. हे काढणाऱ्याच्या प्रगतिपुस्तकावर भूमितीत सही कोणी केली असेल?

मतदान डिसेंबरातल्या गुरुवारी. मार्गशीर्षातला गुरुवार! सौ.चा उपास, घट मांडलेला, संध्याकाळी महालक्ष्मीची कहाणी. "पोटनिवडणूक आणि नेमका उपास," असं मी म्हटलं, त्याबद्दल मला दिवसभर साबुदाण्याची खिचडी मिळाली नाही. चार वाजता अंधार पडला, वर पाऊस. पण मतदान सकाळी सात ते रात्री दहा असतं, त्यामुळे "वेळ नव्हता" ही सबब चालत नाही. आरती करून आम्ही दोघं आणि मधे आजी, असे तिघं एका छत्रीत निघालो. बाक नव्हतं, म्हणून आजी वाटेत तीनदा दिव्याच्या खांबाला टेकल्या. चौथ्यांदा मला टेकल्या.

चर्चच्या हॉलमध्ये दोन बायका लोकर विणत बसल्या होत्या. आम्हाला पाहून त्यांना आनंद झाला. बऱ्याच वेळात कोणी आलं नसावं. २०२३ पासून कौन्सिलच्या निवडणुकीत फोटो असलेलं ओळखपत्र दाखवावं लागतं. मी भारताचा पासपोर्ट पुढे केला; तो चालतो. आजींनी म्हाताऱ्यांना फुकट मिळतो तो बसचा पास काढला, तोही चालतो. विद्यार्थ्याचा बसचा पास मात्र चालत नाही. म्हातारा माणूस म्हातारा असल्याबद्दल शंका घ्यायला जागा नसते, हे त्यामागचं कारण असावं. मग फट्टकन उघडेल असा पातळ लाकडी आडोसा आणि दोरीने बांधलेली पेन्सिल. ज्याला निवडायचं त्याच्या नावापुढे फुली मारायची. आयुष्यभर गणिताच्या मास्तरांनी फुली कशासाठी मारली हे माहीत असल्यामुळे माझा हात दर वेळी जरा अडखळतो. बोटाला शाई नाही, काही नाही. बाहेर आल्यावर मत दिल्याचा पुरावा म्हणजे ओले बूट.

जेमतेम पाचांतल्या एकाने मत दिलं. निवडून आलेली तरुण मुलगी मोजक्या मतांनी आली. ती तिसऱ्या दिवशी आजींकडे गेली. दिवंगत गृहस्थांच्या कागदांत बाकाची मंजुरी सापडली होती. मार्च संपता संपता बाक आलं.

हे सगळं मी फोनवरून गिरगावात दादाला सांगत होतो, तेव्हा तो गप्प होता. दादाचा मताशी जुना हिशेब आहे. २०१७ च्या फेब्रुवारीत मुंबई महापालिकेचं मतदान झालं त्या दिवशी तो दुपारी जेवून जरा आडवा झाला, तो मतदान संपल्यावरच उठला. मोजणीत त्याच्या प्रभागात, २२० मध्ये, शिवसेनेच्या आणि भाजपच्या उमेदवारांना अगदी सारखी मतं पडली आणि निकाल चिठ्ठी टाकून लावला. जे आमच्या दादाने झोपेतून उठून करायचं ते चिठ्ठीने केलं! वहिनीने ते त्याला पाच वर्षं ऐकवलं. पुढच्या वेळी सकाळी सातला रांगेत पहिला उभा राहीन, अशी त्याने शपथ घेतली.

पण पुढची वेळच येईना. मार्च २०२२ मध्ये महापालिकेची मुदत संपली. प्रभाग २२७ करायचे की २३६, आरक्षण कसं ठेवायचं, यावर तारखा पडत गेल्या आणि सगळ्या नगरसेवकांच्या जागी एकटे प्रशासक बसले. एक नव्हे, २२७ खुर्च्या रिकाम्या. दादाच्या गल्लीतलं गटार तुंबलं तर आधी नगरसेवकाला शिव्या तरी देता येत. प्रशासकाला शिव्या देऊन काय उपयोग? तो काही मतं मागायला येणार नाही. दादा म्हणे, "अरे, भांडायला माणूसच उरला नाही." ज्या माणसाने साठ वर्षं नगरसेवकांना नावं ठेवली, तो त्यांच्यासाठी हळवा झालेला मी ऐकला आहे.

अखेर १५ जानेवारी २०२६ ला मतदान झालं. दादा शब्दाला जागला. सकाळीच त्याच्या शाई लावलेल्या बोटाचा फोटो माझ्या फोनवर आला. त्या दिवशी आमच्याकडेही थोडं ऊन पडलं होतं. आजी बाकावर बसल्या होत्या. मी त्यांच्या शेजारी बसून फोटो दाखवला.

"अरेरे! दारात सापडलं का बोट?" जुन्या नर्सने विचारलं.

मी सगळं सांगितलं. शाई, महापालिका, २२७ जागा, २०२२ चा मार्च. आजींनी फोन डोळ्यांजवळ नेऊन ते बोट पुन्हा एकदा नीट पाहिलं.

"जवळजवळ चार वर्षं?" त्या म्हणाल्या. "एवढ्या मोठ्या गावात सही करायला दोन माणसं मिळाली नाहीत?"